भूत उठण्याआधीचा माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सूडाच्या चार भयकथा एकत्र गुंफलेला एक चित्रपट तुम्ही मोठ्या अपेक्षेने पाहिला. मेकअप उत्तम, कॅमेरा उत्तम, रक्ताला कमी नाही, प्रत्येक कथेत मेलेलं माणूस उठून आपल्या मारेकऱ्याला गाठतं, आणि तरीही दुसऱ्या कथेच्या मध्यावर तुमचा हात फोनकडे गेला. भीती वाटली नाहीच, पण नीच माणसाला अद्दल घडल्याचं समाधानसुद्धा मिळालं नाही. तुम्ही स्वतः तीन सूडकथांची पटकथा लिहिताय, म्हणून विचारताय की हे बिनसलं कुठे, आणि ‘अँथॉलॉजीत, म्हणजे अशा अनेक कथांच्या चित्रपटात, एखादीच कथा बरी निघते, बाकीच्या भरतीच्या’ हे खरं मानायचं का.

मी २२ वर्षं चित्रपटांचं संकलन करते आहे. त्यात भयपट बरेच, आणि दोन अँथॉलॉजी. तुम्ही म्हणता तो चित्रपट मीही पाहिला. पहिल्यांदा तुमच्यासारखीच हिरमुसले. दुसऱ्यांदा वही आणि घड्याळ घेऊन बसले, कारण तो करणाऱ्यांना काम येतं हे शॉटागणिक दिसत होतं, आणि काम येणाऱ्या माणसांचा चित्रपट असा पडला की मला चैन पडत नाही.

वहीतली नोंद सांगते. पहिल्या कथेत वसतिगृहातल्या मुलीचा छळ होतो आणि ती जीव देते. हा सगळा भाग २ मिनिटं १० सेकंदांत उरकला आहे, त्यातला निम्मा एका गाण्याखाली झरझर जाणाऱ्या तुकड्यांत. मग तिचं भूत चार मुलींना मारतं, ते १९ मिनिटं चालतं. दुसऱ्या कथेत नवऱ्याने मारलेली बायको जिवंतपणी तीन वाक्यं बोलते. तिसऱ्या कथेत आगीत कोंडले गेलेले कामगार फ्लॅशबॅकमध्ये ४० सेकंद दिसतात, तेही धुरात, एकाचाही चेहरा ओळखू येणार नाही असे. चौथ्या कथेत तर मेलेल्या माणसाचा भिंतीवर फक्त फोटो आहे.

माझ्या मते सगळं पाणी इथेच मुरलं आहे. सूडाच्या गोष्टीत भीती साठते ती मूळ अन्यायात. सूड म्हणजे शेवटी वसुली. कर्ज आपल्या डोळ्यांदेखत पै-पैने चढताना पाहिलं असेल, तर वसुलीला आलेला माणूस दारात नुसता उभा राहिला तरी पोटात गोळा येतो. कर्ज कधी चढलं हेच पाहिलं नसेल, तर तो दाराशी आलेला कुणीतरी परका. त्याने दार मोडलं काय आणि मुंडकं मोडलं काय, आपल्याला कशाचंच काही वाटत नाही. या चित्रपटात मेलेली माणसं मरण्याआधी माणसं झालीच नाहीत. त्यामुळे त्यांची भुतंही कुणाचीच भुतं नाहीत, फक्त मेकअप आहे.

याच्या उलट काम कसं होतं ते पाहायचं तर १९७२ साली ब्रिटनच्या ॲमिकस प्रॉडक्शन्सने काढलेला ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ पाहा. दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस, पाच कथा, आणि त्यातली तिसरी अभिनेते पीटर कुशिंग यांची. कुशिंग एका म्हाताऱ्या, विधुर सफाई कामगाराच्या भूमिकेत आहेत. कचऱ्यात सापडलेली मोडकी खेळणी दुरुस्त करून तो आसपासच्या मुलांना देतो, कुत्री पाळतो, गेलेल्या बायकोशी बोलतो. समोरच्या श्रीमंत बापलेकांना त्याचं ते जुनाट घर नजरेसमोर नको आहे. ते त्याला हातही लावत नाहीत. आधी त्याची कुत्री जातात. मग नोकरी जाते. मग मुलांच्या आईवडिलांच्या कानात विष ओतलं जातं आणि मुलं यायची थांबतात. शेवटी व्हॅलेंटाइन डेला त्याच्या दारात शुभेच्छापत्रांचा ढीग पडतो. तो आनंदाने एकेक उघडतो, आणि प्रत्येकात त्याला हिणवणाऱ्या ओळी असतात, जणू सगळ्या गावाने पाठवलेल्या. म्हातारा गळफास घेतो.

पत्रं उघडण्याचं दृश्य मी कितीतरी वेळा फ्रेम-फ्रेमने पाहिलं आहे. कुशिंग पहिल्या पत्राला हसतात. त्या हसण्यात ‘कुणीतरी आपली आठवण ठेवली’ एवढंच असतं. पुढच्या पत्रांबरोबर ते हसू हळूहळू मावळत जातं, पण ते पुढचं पत्र उघडायचे थांबत नाहीत, कारण एखादं तरी चांगलं निघेल अशी आशा आहे. ती आशा आपल्याला दिसते, म्हणून पोटात तुटतं. कुशिंग यांची स्वतःची पत्नी १९७१ च्या जानेवारीत वारली होती. पडद्यावरच्या त्या एकटेपणात अभिनय किती आणि स्वतःचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

आणि सूड? एक वर्षाने तो थडग्यातून उठतो, मुलाला मारून त्याचं हृदय उपटतो, आणि बापासाठी रक्ताने लिहिलेल्या ओळी ठेवून जातो. हे सगळं कथेच्या शेवटी, अगदी थोडक्यात. तेवढं पुरतं. आधीच्या प्रत्येक मिनिटात आपण त्या म्हाताऱ्याच्या बाजूने दात-ओठ खात बसलेलो असतो. तो उठतो तेव्हा आपल्याला हायसं वाटतं, आणि दुसऱ्याच क्षणी तो सडलेला चेहरा पाहून लक्षात येतं की आपण हेच मागत होतो. खरी भीती ती. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात तो दुसरा क्षण येतच नाही, कारण पहिला आलेला नसतो.

मग एवढी साधी गोष्ट हुशार लोकांच्या हातून कशी सुटते? माझा अंदाज असा की या प्रकाराचं मूळ कॉमिक्समध्ये आहे आणि नक्कल मुळाची होते. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ हे आधी ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाचं द्वैमासिक होतं, १९५० ते १९५५ दरम्यानचं. सात-आठ पानांची गोष्ट, चार-सहा चौकटींत गुन्हा, शेवटच्या चौकटीत प्रेत दारात उभं. कागदावर हे चालतं, कारण वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो. एखाद्या चेहऱ्यावर थांबावंसं वाटलं तर तो थांबतो, पान उलटायला घाबरला तर उलटत नाही. चित्रपटात वेळ आमच्या, म्हणजे संकलकाच्या हातात असतो. आम्ही ज्यावर दहा सेकंद दिले नाहीत, त्यावर प्रेक्षकाला एक सेकंदही देता येत नाही. कॉमिक्सची घाई पडद्यावर जशीच्या तशी उतरवली की फक्त घाई उतरते.

माझ्या टेबलावरचा एक अनुभव सांगते, कारण तुमच्या पटकथेला त्याचा थेट उपयोग आहे. एका अँथॉलॉजीतली कथा अशी होती: शीतगृहाचा म्हातारा रखवालदार, मालकाचा मुलगा आणि त्याचे मित्र रात्री गंमत म्हणून त्याला आत कोंडतात, सकाळी तो मेलेला सापडतो, पुढे त्याचं भूत एकेकाला गाठतं. रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या संकलनात, कोंडण्याचा भाग ३ मिनिटांचा आणि सूडाचा १४ मिनिटांचा होता. सूडासाठी बर्फाचे इफेक्ट्स, निळे पडलेले हात, प्रोस्थेटिक, सगळं जीव तोडून केलेलं. आम्ही आमच्यातल्याच दहा जणांना दाखवलं. कुणी दचकलं, पण घाबरलं कुणीच नाही.

मी परत रशेस, म्हणजे चित्रीकरणाचं न कापलेलं फूटेज, काढून बसले. कोंडल्यानंतरच्या दृश्याचे सहा टेक होते. दिग्दर्शकाने पाचवा निवडला होता, त्यात म्हातारा दारावर धडका देत किंचाळतो. पहिल्या टेकमध्ये त्या नटाने वेगळंच काही केलं होतं. तो दाराशी येतो, बोटाच्या पेराने दोनदा हळूच ठोकतो आणि म्हणतो, “साहेब, दार लागलंय बहुतेक.” त्याला वाटतं चुकून झालं. आपल्याशी कुणी असं मुद्दाम वागेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. थोडा थांबतो, परत ठोकतो, परत तेच वाक्य, आवाज जरासाही न चढवता. मग टोपी कानावर ओढून घेतो. आम्ही तो टेक पूर्ण घेतला, मध्ये एकही कट न मारता. त्याच्या आधी कापून टाकलेला एक शॉट परत जोडला: कामावर येताना तो आपला स्वेटर खिळ्याला नीट अडकवतो, आत जाताना काढून ठेवतो, कारण मळू नये. कोंडल्यावर कॅमेरा एकदाच बाहेरच्या खिळ्यावर जातो, स्वेटर तिथेच.

त्यानंतर सूडाचे १४ मिनिटांचे ६ झाले. बर्फाचे निम्मे इफेक्ट्स आम्ही काढून टाकले. मालकाचा मुलगा आंघोळीला गेलेला असतो, आणि बाहेरून दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक होते. “साहेब, दार लागलंय बहुतेक.” तेवढंच. दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. एका मुलीने पाय वर खुर्चीवर ओढून घेतले. भूत अजून पडद्यावर आलंही नव्हतं. दिग्दर्शकाला इफेक्ट्स गेल्याचं वाईट वाटलं होतं, ते वाटणं मी समजू शकते, त्यामागे कित्येकांच्या रात्री होत्या. पण टकटक ऐकून खोलीने श्वास रोखला तो त्यानेही ऐकला.

आता दुसरी गोष्ट. ‘सगळ्या कथा सूडाच्या’ म्हटलं की शेवट आधीच सांगून झाला. पहिल्या कथेत भूत जिंकलं, म्हणजे दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यातही जिंकणार. तुम्हाला दुसऱ्या कथेत कंटाळा आला तो कथा वाईट म्हणून आला नाही, तिचा निकाल तुमच्या खिशात होता म्हणून आला. हे टाळता येतं. सूड हा एकच विषय घेऊनही प्रत्येक कथेचं गणित वेगळं मांडता येतं.

अर्जेंटिनाचा ‘वाइल्ड टेल्स’ (२०१४, दिग्दर्शक दामियान सिफ्रॉन) भयपट नाही, त्याचा बाज काळ्या विनोदाचा आहे, पण तुम्ही तो वही घेऊन पाहावा असं मला मनापासून वाटतं. सहा कथा, सगळ्यांत सूडाची ठिणगी, आणि सहा वेगळे शेवट. त्यातली हॉटेलातली कथा बघा. वेट्रेसच्या समोर तो माणूस येऊन बसतो ज्याने तिच्या बापाला देशोधडीला लावलं. आत स्वयंपाकीण सुचवते, उंदराचं विष घालू. सूड घ्यायला जिचा हक्क आहे ती कचरते, आणि जिचा काही संबंध नाही ती पुढे होते. पुढे त्या माणसाचा मुलगा येतो आणि त्याच ताटातून खायला लागतो. झालं. आता प्रेक्षकाला कळत नाही की आपण कुणाच्या बाजूने आहोत. पोराचा हात ताटाकडे जातो तेव्हा जो ताण येतो तो कुठल्याही भुताने येणार नाही. निरपराध माणूस सूडाच्या वाटेत उभा करणं हा एक मार्ग.

दुसरा मार्ग, सूड हातातून हातात जाऊ देणं. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि लेखक स्टीफन किंग यांच्या ‘क्रीपशो’मध्ये (१९८२) लेस्ली नील्सनने रंगवलेला नवरा बायकोला आणि तिच्या प्रियकराला समुद्रकिनारी वाळूत मानेपर्यंत पुरतो आणि भरती येताना टीव्हीवर बघत बसतो. सूड घेणारा तो आहे, त्याच्यावर अन्यायही झाला आहे, पण त्याची शिक्षा गुन्ह्यापेक्षा इतकी मोठी की तोच गुन्हेगार होतो. मग ते दोघं पाण्याने फुगलेले परत येतात. सूडावर सूड. भीतीला इथे प्रमाण बिघडल्याने धार येते: जितक्यास तितकं घडलं की प्रेक्षक शांत होतो, तितक्याहून जास्त घडलं की अस्वस्थ. भयपटाला अस्वस्थ प्रेक्षक हवा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात अवघड वाटतो आणि सगळ्यात आवडतो. मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’ या जपानी चित्रपटाला १९६५ साली कान महोत्सवात ज्युरींचं विशेष पारितोषिक मिळालं. त्याची पहिली कथा: एक गरीब सामुराई हुद्द्यासाठी आपल्या विणकाम करणाऱ्या बायकोला टाकून जातो, दुसरं लग्न करतो, आणि वर्षांनी पस्तावून परततो. ती तशीच बसलेली असते. एका शब्दाने दोष देत नाही. उलट त्यालाच समजून घेते. तिने एकदा जरी ओरडून जाब विचारला असता तर आपण सुटलो असतो. ती क्षमा करते, म्हणून आपल्याला रात्रभर धडकी भरते. सकाळी तो उठतो तेव्हा शेजारी काय असतं ते पाहायचं राहिलं असेल तर मी सांगत नाही. तोरू ताकेमित्सु यांचं ध्वनिकाम मात्र कान देऊन ऐका. तो घाबरून घरभर पळतो, फळ्या मोडतात, पण त्या क्षणी त्यांचा आवाज येत नाही. भलत्याच वेळी लाकूड चिरल्याचा आवाज येतो. दिसणं आणि ऐकू येणं यांची फारकत केली की डोळ्यांवरचा विश्वास उडतो. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात प्रत्येक दचक्याआधी तंतुवाद्यांचा सूर चढत जातो आणि प्रेक्षकाला सावध करतो की आता काहीतरी येणार. मी हे करणाऱ्यांना नेहमी सांगते, तो सूर काढून एकदा नुसतं बघा. निम्म्या वेळा दृश्य जास्त भीतिदायक होतं.

आता चौकटकथेबद्दल, म्हणजे सगळ्या कथांना बांधणाऱ्या बाहेरच्या कथेबद्दल. या चित्रपटात निवेदक प्रत्येक कथेआधी येतो आणि ‘आता आणखी एका हिशेबाची गोष्ट’ अशा थाटात बोलतो. म्हणजे शेवट सांगण्याचं काम त्याच्याकडेही दिलेलं. चौकटीला स्वतःचं पोट हवं, स्वतःची भूक हवी. १९४५ चा ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ यासाठी आजही पाहावा. एक वास्तुरचनाकार खेड्यातल्या घरी पाहुणा येतो आणि त्याला जाणवतं की या सगळ्यांना आपण स्वप्नात पाहिलंय. बाकीचे आपापले अनुभव सांगतात, एक मनोविकारतज्ज्ञ ते खोडून काढतो, आणि इकडे या माणसाची अस्वस्थता कथेगणिक वाढत जाते, कारण स्वप्नाचा शेवट कसा होतो ते त्याला हळूहळू आठवतंय. चौकटच मुख्य कथा होऊन बसते. त्यात बाहुलेवाल्याच्या भयंकर कथेआधी गोल्फची एक हलकीफुलकी भुताची गोष्ट आहे. फसवून हरवलेला मित्र भूत होऊन मानगुटीवर बसतो, तीही सूडाचीच, पण हसवणारी. अनेकांना ती नकोशी वाटते. मला ती फार महत्त्वाची वाटते. प्रेक्षकाने तिथे खांदे सैल सोडले म्हणून पुढची कथा त्याला गाठू शकते. अमेरिकेत दाखवताना दोन कथा कापल्या गेल्या, ही त्यातलीच एक, आणि शेवटचं दुःस्वप्न सगळ्या कथांतल्या माणसांमधून फिरत असल्याने त्याचे धागे लोंबकळत राहिले. क्रमाने लावलेली कथा उचलून फेकता येत नसेल, तर ती भरतीची नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं यात आलं.

बजेट कमी होतं म्हणून चित्रपट पडला असं ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी मी सहमत नाही. खिळ्यावरच्या स्वेटरला खर्च काय येतो?

तुमच्या तीन कथांसाठी मी काय करेन ते सांगते. प्रत्येक कथेत मरणाऱ्या माणसाचा मरण्याआधीचा एक साधा दिवस लिहून काढा, त्यात भूत नाही, खलनायकही शक्यतो नाही. तो कुठल्या हाताने कुलूप लावतो, कुणाचा फोन उचलत नाही, कशाला जपतो. त्यातली एक कृती किंवा एक वाक्य निवडा आणि तेच भुताला द्या, दुसरं काही देऊ नका. पटकथेत अन्यायाला सूडाच्या दुप्पट पानं द्या. संकलनात कमी करायची झाली तर करू, लिहिलीच नाहीत तर आमच्या हातात काही उरत नाही. तीनपैकी एकाच कथेत खलनायक मरू दे. एकीत सूड चुकीच्या माणसावर पडू दे, आणि एकीत सूड घ्यायला आलेल्याने तो न घेता निघून जावं, पण ज्याला सोडलं त्याला उरलेलं आयुष्य दाराकडे बघत काढावं लागेल असं काहीतरी बोलून किंवा ठेवून. कोणती कुठे लावायची ते आत्ता ठरवू नका, तिन्ही लिहून झाल्यावर कागद जमिनीवर मांडून बघा.

आणि पहिला मसुदा झाला की भुताची सगळी दृश्यं बाजूला काढून उरलेली पानं अशा कुणाला तरी वाचायला द्या ज्याला भयपट मुळीच आवडत नाहीत. त्याने पानं परत देताना ‘मग या माणसाचं पुढे काय झालं?’ असं विचारलं, तर ती कथा तयार आहे. नाही विचारलं, तर बाजूला काढलेल्या दृश्यांना अजून हात लावू नका.